चुकत नाही अशी गाडी

आपल्याकडं रेल्वेचा आणि छातीच्या धडधडीचा संबंध फार जुना आहे. गाडी म्हटली की ती सुटणार, आणि सुटणार म्हणजे बहुधा आपल्याला टाकून सुटणार, हे गृहीत धरूनच आपण लहानाचे मोठे झालो. दहाच्या गाडीसाठी साडेआठलाच फलाटावर जाऊन ट्रंकेवर ठाण मांडणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असायचंच. सुरई भरून आणायला कुणाला तरी पिटाळायचं आणि तो नळापाशी पोचायच्या आत "अरे, गाडी आली तर?" म्हणून मागून हाका मारायच्या, हा त्या माणसाचा प्रवासातला मुख्य उद्योग. गाडी तीन तास लेट असल्याचं फळ्यावर खडूनं लिहिलेलं असलं तरी धडधड काही कमी होत नसे. रेल्वेचा काय भरवसा? आली वेळेवर, म्हणजे?

अशा माणसाला कुणी सांगितलं, की बाबा रे, जगात एक आगगाडी चुकतच नाही. एक गेली की थोड्या वेळात दुसरी. डुलकी लागून स्टेशन मागं पडलं तरी बिघडत नाही, कारण वीसेक मिनिटांत तेच स्टेशन पुन्हा पुढं येतं. रिझर्व्हेशन नाही, वेटिंग लिस्ट नाही, टीसी नाही. तर तो आधी संशयानं बघेल आणि मग विचारेल, "पण ती जाते कुठं?"

कुठंच जात नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम गावी डिस्नेलँड आहे, त्याला प्रदक्षिणा घालते. १७ जुलै १९५५ला डिस्नेलँड उघडलं त्या दिवसापासून घालते आहे. तीन फुटी नॅरोगेज, चार स्टेशनं, एक फेरी जेमतेम दोन किलोमीटरची, आणि पुढं वाफेचं इंजिन. वरून चिमणी लावलेलं आणि आत बॅटरी दडवलेलं नव्हे. पाणी उकळून, वाफ कोंडून, दट्ट्या ढकलणारं इंजिन.

आम्ही तिथं गेलो ते सहकुटुंब. माझी थोरली बहीण, तिचे यजमान, ज्याच्याकडं आम्ही उतरलो होतो तो भाचा, सून आणि सहा वर्षांची नात. दाजींबद्दल थोडं सांगायला हवं. ते भुसावळच्या लोको शेडात क्लीनर म्हणून लागले. इंजिन पुसण्यापासून सुरुवात करून फायरमन झाले, कोळशाची इंजिनं गेल्यावर डिझेलवर, मग इलेक्ट्रिकवर गेले आणि मेल ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. अशा माणसाला नातीच्या हौसेखातर डिस्नेलँडच्या गाडीत बसवणं म्हणजे आचाऱ्याला दुसऱ्याच्या पंगतीत जेवायला बसवण्यासारखंच होतं. भाच्याला ती धास्ती होती. तो आदल्या रात्रीपासून सांगत होता, "बाबा, ती फक्त मजेची गाडी आहे हां. तिथं कुणाला काही शिकवायला जाऊ नका."

आत शिरताना आधी दिसतं ते स्टेशनच. खाली फुलांचा मिकी माउस, त्याच्या मागं उंचावर जुन्या धाटणीचं टुमदार स्टेशन. आत जायचं तर रुळांखालच्या बोगद्यातूनच जावं लागतं. सगळ्या बागेभोवती मातीचा बांध घातला आहे, आतल्या माणसाला बाहेरचे रस्ते आणि दुकानं दिसू नयेत म्हणून. त्या बांधावरून ही गाडी फिरते. थोडक्यात, बाहेरचं जग आणि आतलं जग यांच्या मधलं जे कुंपण, त्यावरच रूळ टाकलेत.

आतल्या जगात खरं असं फारसं काही नाही, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नाही. मॅटरहॉर्न हा आल्प्समधला डोंगर तिथं १९५९ साली पोलाद आणि सिमेंट घालून उभा केलाय, मूळ उंचीच्या शंभराव्या हिश्शाचा. राजवाडा आहे, पण उंच भासावा म्हणून त्याच्या वरच्या विटा खालच्यांपेक्षा लहान काढल्यात. नदीत पाणघोडे आहेत, ते वेळापत्रकाप्रमाणे जबडा उघडतात. या सगळ्या सोंगाढोंगांच्या मेळ्यात इंजिन तेवढं निमूटपणे खरं आहे. त्याला खरं असावंच लागतं. बॉयलरमधलं पाणी खाली गेलं तर ते डिस्नेचं आहे म्हणून कुणाची गय करणार नाही. वाफेला अभिनय येत नाही.

दाजींना हे पटायला वेळ लागला. गाडी आली तेव्हा त्यांनी डब्यांकडं पाहिलंही नाही. इंजिनाच्या बाजूला जाऊन सिलिंडरमधून सुटणारी वाफ पाहिली, कनेक्टिंग रॉड पाहिला, मग थोडं वाकून चाकांमधून पलीकडं पाहिलं. एखादी मोटर सापडते का, हे ते बघत असावेत. सापडली नाही. ताठ होऊन ते मला म्हणाले, "खरंच की भो हे!" आवाजात आनंदापेक्षा आश्चर्य जास्त होतं. ज्या गोष्टीपायी आपली पाठ गेली, ती इथं लोक हौसेनं चालवताहेत याचं आश्चर्य.

पण ही सगळी बाग त्या हौसेतूनच निघाली आहे. वॉल्ट डिस्नेचं लहानपण मिझूरी राज्यातल्या मार्सेलीन या गावात गेलं, आणि ते गाव रेल्वेनंच वसवलेलं. त्याचा एक काका इंजिन ड्रायव्हर होता. वॉल्ट पंधरा वर्षांचा असताना, १९१७च्या उन्हाळ्यात, गाडीत फिरून पेपर, शेंगदाणे, गोळ्या आणि सोडा विकायचा. धंदा बुडाला. सोड्याच्या रिकाम्या बाटल्या हरवल्या, आणि माल विकण्याइतकीच तो खायचीही आवड निघाली. मात्र त्या दिवसांत त्यानं एक विद्या साधली. ड्रायव्हर आणि फायरमनला तंबाखू चारली की ते इंजिनात उभं राहू देतात, हे त्याला कळलं.

भाच्यानं ही गोष्ट सांगितली तेव्हा दाजींनी पहिल्यांदाच डिस्ने या माणसाविषयी आदरानं विचारलं. "कोण होता म्हणे हा? तंबाखूवाला?"

पुढं मिकी माउसनं पैसा दिला, नाव दिलं, तरी इंजिन डोक्यातून गेलं नाही. १९५० साली लॉस एंजेलिसच्या आपल्या घराच्या आवारात त्यानं अर्ध्या मैलाची रेल्वे टाकली. सव्वासात इंच रुंदीचे रूळ, खऱ्याच्या एक अष्टमांश मापाचं वाफेचं इंजिन. ड्रायव्हरनं कोळशाच्या डब्यावर फतकल मारून बसायचं आणि पाहुण्यांनी मागच्या मालडब्यांवर दोन्हीकडं पाय सोडून. इंजिनाचं नाव बायकोवरून ठेवलं, 'लिली बेल'. लिलियनबाईंना बागेची आवड, आणि हे रूळ नेमके त्यांच्या फुलझाडांमधून जाणार. तेव्हा यानं वाफ्यांच्या खालून बोगदा खणला. बोगदा सरळ खणला असता तर कमी पैशांत झाला असता, पण मग या टोकाकडून ते टोक दिसलं असतं, म्हणून तो नागमोडी केला. आणि रूळ टाकायचा हक्क आपल्याला आहे असा रीतसर करार वकिलाकडून करवून घेऊन त्यावर बायकोची आणि मुलींची सही घेतली. नवरा घरात काय पसारा मांडेल याचा नेम नाही, हे सगळ्या बायकांना माहीत असतं. पण पसारा मांडायच्या आधी तो दस्त करून घेणारा नवरा विरळा.

ती रेल्वे तीनेक वर्षं चालली. एकदा कुणी पाहुण्यानं वळणावर जोरात हाकली, इंजिन घसरलं, वाफेनं एका लहान मुलीला भाजलं. वॉल्टनं त्या दिवसापासून इंजिन झाकून ठेवलं. मग दोनच वर्षांनी जी बाग उघडली, तिच्या नकाशात रूळ आधी आले आणि बाकीचं त्यांच्या आत बसवलं, असं मला तरी तो नकाशा पाहताना वाटतं. उद्घाटनाच्या दिवशी तो स्वतः इंजिनात बसून स्टेशनात आला. गंमत म्हणजे कंपनीची बाग झाली तरी ही गाडी कंपनीची नव्हती, त्याच्या घरच्या फर्मची होती. तिचं पुढचं नाव रेटलॉ, म्हणजे वॉल्टर हे नाव उलट्या अक्षरांनी. कंपनीनं ती विकत घेतली १९८२ साली, तो जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. बाग गेली तरी चालेल पण खेळणं देणार नाही, असा हा हिशेब.

इंजिनं एकूण पाच. पहिली दोन १९५४ साली डिस्नेच्या स्टुडिओतच बांधली. बाकीची तीन म्हातारी, दुसरीकडं उमर घालवून इथं आलेली, तिन्ही फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याची. सगळ्यात थोरलं तीन नंबरचं, १८९४चं. लुइझियानात ऊस वाहायचं. चार नंबरचं १९२५चं, ते न्यू जर्सीत वाळू वाहायचं. ऊस आणि वाळू! आपल्याकडं जन्माला आली असती तर दोघांपैकी एक तरी आमदार झालं असतं.

बाल्डविन हे नाव ऐकल्यावर दाजी थांबले. आपल्याकडच्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनांची, म्हणजे पुढं गोल घुमटासारखं तोंड आणि त्यावर चांदणी असलेल्या त्या देखण्या मेल इंजिनांची, पहिली सोळा याच कारखान्यातून १९४७ साली आली होती. नंतर शेकड्यांनी बनली, आपल्या चित्तरंजनलाही बनली. दाजींनी सगळी उमेद त्या इंजिनांवर काढलेली. त्यांनी तीन नंबरच्या इंजिनाच्या बॉयलरवर हात ठेवायला म्हणून पुढं केला, गरम असणार हे आठवून मागं घेतला आणि नातीला म्हणाले, "ही आपल्या डब्ल्यूपीची मोठी आत्या." नातीनं ताबडतोब हात हलवून आत्याला हाय केलं.

आता इंधनाची गोष्ट. इथं कोळसा नाही, पहिल्यापासून तेलच जळतं. ते २००७पासून बायोडिझेल झालं, आणि पुढं दोन वर्षांत ते डिस्नेच्याच उपाहारगृहांतल्या वापरलेल्या तळणीच्या तेलापासून करायला लागले. म्हणजे दुपारी आपण जे बटाट्याचे काप खातो, त्यांच्या कढईतलं तेल कालांतरानं आपल्यालाच ओढत बागेभोवती फिरवतं. हे कळल्यावर ताईचा चेहरा उजळला. अमेरिकेत आल्यापासून तिला पहिल्यांदाच काही तरी वाया जात नाही असं दिसलं होतं. दिवाळीच्या चकल्यांचं उरलेलं तेल पुढं आठवडाभर फोडणीत जिरवण्यात जिचा जन्म गेला, तिला या रेल्वेचा कारभार एकदम घरचा वाटू लागला. धुराला वास येतो का म्हणून तिनं दोनतीनदा नाक वर करून पाहिलं. मीही पाहिलं. वडे तळल्यासारखं काही जाणवलं नाही.

डब्यात बाकं आहेत ती आडवी, सगळ्यांची तोंडं बागेकडं. त्यामुळं खिडकीच्या जागेवरून भांडण नाही, आणि पाय पसरून तीन जागा अडवणारा गृहस्थही नाही. गाडी हलली आणि वीस मिनिटांत आम्हांला जो भूगोल आणि इतिहास दाखवला गेला, तो शाळेत असता तर परीक्षा सोपी गेली असती. मेन स्ट्रीट म्हणजे १९००च्या सुमाराचं अमेरिकन गाव. तिथून न्यू ऑर्लिन्स. मग मिकीचं टूनटाउन. मग टुमॉरोलँड म्हणजे भविष्यकाळ. आणि भविष्यकाळ सोडला रे सोडला की बोगद्यात शिरून गाडी सरळ ग्रँड कॅन्यनच्या काठावर. १९५८ साली केलेला हा देखावा, एका अखंड लांबलचक कापडावर रंगवलेली दरी आणि तिच्या पुढं पेंढा भरलेली हरणं. दरी संपते न संपते तोच डायनासोर. हे न्यूयॉर्कच्या १९६४-६५च्या जागतिक प्रदर्शनातून इथं आणलेले. शेवटी टायरॅनोसॉरस आणि स्टेगोसॉरस यांची मारामारी लागलेली दिसते. वास्तविक या दोघांमध्ये आठ कोटी वर्षांच्या आसपास अंतर आहे. स्टेगोसॉरसच्या घरचे दिवस उरकून इतका काळ लोटला होता, की टायरॅनोसॉरसला त्याच्याशी भांडायला निमित्तच उरलं नव्हतं. पण आपल्याकडच्या भाऊबंदक्या पाहिलेल्या माणसाला यात अशक्य असं काही वाटत नाही. आणि त्या मारामारीतून बाहेर पडलं की पुन्हा १९००चं गाव. उद्यापासून कालपर्यंत जायला डायनासोरांवरून जावं लागतं, हे मला फार खरं वाटलं.

पहिल्या साठ वर्षांत ही गाडी कधी डावीकडं वळली नव्हती. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायची, सगळी वळणं उजवीच. नव्या विभागासाठी जागा हवी म्हणून रूळ थोडे आत घेतले, तेव्हा २०१७ साली तिला आयुष्यातलं पहिलं डावं वळण मिळालं. यावर दाजींचा शेरा व्यावसायिक होता. "इतकी वर्षं एकाच अंगाला वळून चाकांच्या फ्लँजा एकीकडंच झिजल्या असतील." डब्यातले बाकीचे लोक तेव्हा नदीवरचे फ्लेमिंगो की काय ते बघत होते.

न्यू ऑर्लिन्सच्या स्टेशनात एका खोलीतून तारेचा कट्टकडकट्ट आवाज येत असतो. दाजींचे कान टवकारले. जुन्या स्टेशनांत तारमास्तर खाली मान घालून असंच वाजवत बसायचे. दाजींना तार येत नाही, पण लाइन क्लिअरच्या वेळचं वाजणं अंगात मुरलेलं. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, "हे काही गाडीबद्दल नाही." बरोबर होतं. उद्घाटनाच्या दिवशी वॉल्ट डिस्नेनं जे भाषण केलं, त्याचा सुरुवातीचा भाग तारेच्या सांकेतिक भाषेत तिथं दिवसभर वाजत राहतो. जगातल्या बहुतेक भाषणांचं हेच होतं. फक्त तिथं ते निदान गोड लयीत होतं.

पण मला बोलायचं आहे ते शिट्टीबद्दल.

वाफेची शिट्टी हा फार साधा प्रकार आहे. खाली एक चिंचोळी गोल फट, वर पालथं घातलेलं पितळी भांडं. वाफ फटीतून जोरानं सुटते, भांड्याच्या कडेवर आपटते आणि आतली हवा थरथरते. भांडं लांब असलं तर सूर खालचा, आखूड असलं तर वरचा. अमेरिकन लोकांनी त्यात आणखी एक केलं. एकाच शिट्टीला आतून तीन, पाच, सहा असे वेगवेगळ्या लांबीचे कप्पे केले, म्हणजे इतके सूर एकदम निघतात. म्हणून अमेरिकन इंजिनाची शिट्टी आपल्या लहानपणच्या शिट्टीसारखी टोचत नाही, ती भरून येते आणि जाता जाता खाली उतरते. सिनेमातल्या बर्फाळ माळरानावरच्या कुठल्याही रात्री ती मागं असतेच.

तिला भाषा असते. फाटक आलं की अमेरिकेत लांब, लांब, आखूड आणि परत लांब अशी द्यायची. आपल्याकडं फाटकाआधी रुळाशेजारी पिवळी पाटी असते, तिच्यावर 'सी/फा' लिहिलेलं, म्हणजे सीटी द्या, फाटक येतंय. लहानपणी मला ती कुणा लेखकाची आद्याक्षरं वाटत. एवढ्या लांबलांबच्या गावांत याच्याच पाट्या, म्हणजे हा केवढा मोठा लेखक असेल, असं वाटून मी त्याची पुस्तकं शोधत असे.

जुन्या अमेरिकेत ड्रायव्हर लोक स्वतःची शिट्टी बाळगायचे. इंजिन कंपनीचं, पण शिट्टी माझी. एका इंजिनावरून काढायची, दुसऱ्यावर चढवायची. केसी जोन्स म्हणून एक ड्रायव्हर होऊन गेला, १९००च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीत एका अपघातात गेला आणि गाण्यांत अमर झाला. त्याच्याकडं सहा सुरांची शिट्टी होती आणि ती वाजवायची त्याची अशी एक ढब होती, की रात्री रुळाकाठी झोपलेल्या लोकांना कुशीवर वळतानाच कळायचं, केसी चाललाय.

मी हे सांगत होतो तेव्हा ताई मान डोलावत होती. तिनं लगेच आपलं सांगितलं. यांची गाडी आउटरला आली की मला क्वार्टरमध्ये बसून कळायचं. शिट्टी अशी द्यायचे की मी पिठात पाणी घालायची. भाचेसून भारावून गेली. डोळ्यांत पाणी बिणी. दाजींनी मात्र शांतपणे खुलासा केला. शेडातल्या सगळ्या डब्ल्यूपींना एकच शिट्टी होती. आउटरला थांबलेला ड्रायव्हर सिग्नलच्या नावानं चिडून ती ओढतो, आणि चिडायची प्रत्येकाची पद्धत सारखीच. शिवाय ते त्या काळात फायरमन होते, शिट्टीची दोरी ड्रायव्हरच्या हातात असायची. "मग तू ज्याच्या शिट्टीवर पीठ मळत होतीस," ते म्हणाले, "तो वेगळाच माणूस होता." ताई पुढची दोन स्टेशनं त्यांच्याशी बोलली नाही.

शिट्टीचं खरं काय आहे ते मला त्याच दुपारी कळलं. आम्ही टूनटाउनच्या स्टेशनाबाहेर, नातीला काही तरी गार घेऊन द्यायला म्हणून उभे होतो. गाडी उभी होती. चढायचं होतं, पण घाई नव्हती. पुढची येणारच होती, हे पाटीवर लिहिलेलंही होतं. एवढ्यात घंटा वाजली आणि इंजिनानं शिट्टी दिली. पुढच्या क्षणी ताई नातीला काखोटीला मारून धावत होती. मी मागं, हातात दोन पिशव्या. माझ्याही पुढं एक गुजराती कुटुंब, त्यांच्या मागं एक तेलुगू आजोबा काठीसह. सगळे धावत होते आणि सगळे आपापल्या भाषेत तेच ओरडत होते. अमेरिकन माणसं आइस्क्रीम चाटत आमच्याकडं बघत उभी होती. त्यांना कळेना, की आग लागली कुठं.

त्यांना कळणार नाही. आमच्या पोटात शिट्टीचा एक वेगळा अवयव आहे. तिथं कुठल्या पाटीचं, वेळापत्रकाचं किंवा भाच्याच्या समजावण्याचं चालत नाही. शिट्टी झाली म्हणजे काही तरी आपल्याला सोडून निघालं. त्यात मामाचं गाव असतं, पुण्याची कॉलेजं असतात, सासरी निघालेल्या बहिणी असतात. डबा पकडून आत पडलो, धापा टाकत एकमेकांकडं पाहिलं आणि गुजराती बाईंनी विजयानं आम्हांला ठेपले दिले. पाच मिनिटांनी आलो असतो तरी हेच डबे, हीच दरी, हेच डायनासोर मिळाले असते. पण ते ठेपले मिळाले नसते.

अशी गाडी खरंच कुठं जाते का, या प्रश्नाचा जपानी लोकांनी कायद्यानं निकाल लावला आहे असं सांगतात. टोकियोच्या डिस्नेलँडमध्येही वाफेची गाडी आहे, १९८३पासून, पण तिला स्टेशन एकच. कारण दोन स्टेशनं केली की माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला, म्हणजे ती रेल्वे झाली, म्हणजे रेल्वेचे सगळे कायदेकानू आले. एकच स्टेशन ठेवलं की ती नुसती करमणूक. मला हे तर्कशुद्ध वाटलं आणि थोडं क्रूरही. आमच्या बाजूच्या कित्येक पॅसेंजर गाड्या इतक्या वेळ मध्येच उभ्या राहात, की त्यांना जपानी कायद्यानं करमणूकच म्हणायला हवं होतं. आणि पुण्याच्या पेशवे पार्कात डिस्नेलँडनंतर वर्षभरातच, १९५६ साली, फुलराणी धावू लागली, तिच्यात बसलेल्या पोरांना आपण कुठं तरी जातोय याबद्दल तिळमात्र शंका नसायची. वाफ नव्हती, तरी नव्हती शंका. बोगद्यात शिरल्यावर सगळी ओरडायची ती पलीकडं काही तरी वेगळं असेल म्हणून.

परतीच्या फेरीला न्यू ऑर्लिन्सला गाडी जरा जास्त थांबली. इंजिन पाणी घेत होतं. दाजी भाच्याला दुभाष्या म्हणून घेऊन थेट पुढं गेले. इंजिनात दोघं होते, एक वयस्क ड्रायव्हर आणि फायरमन म्हणून एक तरुण मुलगी, टोपीखाली वेणी घातलेली. दाजींनी आधी तिच्या हातांकडं पाहिलं. मग फायरबॉक्सकडं. फावडं कुठं दिसेना. तेलाची तोटी कमीजास्त करायची आणि गेज ग्लासमधल्या पाण्यावर नजर ठेवायची, एवढंच तिचं काम आहे असं कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे बसून?" भाच्यानं याचं भाषांतर बरंच सौम्य केलं असावं, कारण मुलगी हसली.

मग दाब विचारला. तिनं सांगितला. दाजींनी मान डावीउजवीकडं हलवली आणि आमच्या डब्ल्यूपीला दोनशे दहा पाउंड असायचा, हे कळवलं. ड्रायव्हरनं टोपी वर सरकवून शिट्टी वाजवल्यासारखे ओठ केले. दाजी एकदम मोकळे झाले. उन्हाळ्यात वऱ्हाडातून जाताना फूटप्लेटवर काय हाल होत, दुसरा फायरमन पाण्यात मीठ घालून कसा प्यायला द्यायचा, सगळं सांगितलं. भाच्यानं त्याचं दोन वाक्यांत इंग्रजी केलं. दाजींना शंका आली की हा सगळं सांगत नाही.

मग त्यांना खरा प्रश्न सुचला. आपल्याकडं गाडी चालवणाऱ्या स्टाफला किलोमीटरमागं भत्ता असतो, आणि तो पुढं पेन्शनच्या हिशेबातही धरतात. ही गाडी तर जागच्या जागी फिरते. दिवसाला वीस फेऱ्या धरल्या तरी चाळीस किलोमीटरसुद्धा होत नाहीत. भुसावळहून जळगावला जाऊन यायच्या आत ड्यूटी संपली. "यांचा मायलेज कसा काढतात? विचार," ते म्हणाले. भाच्यानं हे कसंबसं विचारलं. दोघंही गोंधळून एकमेकांकडं बघायला लागले, कारण असा काही भत्ता असतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

"बघ!" दाजी कळवळून म्हणाले. "युनियन आहे का विचार."

हे विचारायला भाच्यानं साफ नकार दिला. तेव्हा दाजींनी त्याला बाजूला सारलं, इंजिनाच्या पायरीला हात लावला आणि मुलीकडं बघून स्वतःच विचारलं, "युनियन?" त्यानंतरचं संभाषण दुभाष्याशिवाय, दोन्ही बाजूंनी हातवारे करून, पाण्याची टाकी भरेपर्यंत चाललं.